आत्या दोन, पायरी एक

जिना नसलेली पायरी तुम्ही कधी पाहिली आहे का, मित्रांनो? नसेल, तर मला बघा. माझ्या वर दुसरी पायरी नाही, खाली नाही, बाजूला कठडाही नाही. मी एकटीच. लाकडाची, चार पायांची, नऊ इंच उंच आणि दीड हात रुंद. माझ्या अंगावर एक लोखंडी पट्टी आहे, पिवळ्या रंगाचे शिंतोडे आहेत, आणि एक पाय इतरांपेक्षा किंचित आखूड असल्यामुळे मला फरशीवर ठेवलं की 'टक्' असा आवाज होतो. वय झालं आहे, हे उघड आहे. पण मी रडगाणं गायला आलेली नाही. माझं आयुष्य मजेत गेलं आणि ते मजेतच सांगणार आहे.

माझा जन्म एका टेलिफोनवरच्या प्रश्नातून झाला.

समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात एक गाडीवाले मामा राहत. त्यांच्याकडे आठ जणांची एक पांढरी व्हॅन होती. विमानतळावर उतरलेल्या पाहुण्यांना किनाऱ्यावरच्या हॉटेलात नेऊन सोडायचं आणि सुट्टी संपली की पुन्हा विमानतळावर पोचवायचं, हा त्यांचा धंदा. गाडी खासगी, म्हणजे ज्याने ठरवली त्याचीच. वाटेत दुसरा कोणी भरायचा नाही. गाडी चालवायची मामांनी आणि बुकिंग घ्यायचं मामींनी. इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली हेच मामींचं ऑफिस. तिथे एक टेबल, एक टेलिफोन, एक जाड वही आणि मान हलवत सतत 'नाही, नाही' म्हणणारा एक पंखा होता. मामी मात्र कोणालाच नाही म्हणत नसत.

एके दिवशी एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. विमान कधी उतरणार, बॅगा किती, हॉटेल कोणतं, हे सगळं मामींनी वहीत लिहून घेतलं. मग बाईंनी विचारलं, "तुमच्या गाडीत चढायची पायरी जमिनीपासून किती उंच आहे?"

असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. मामींनी खिडकीतून खाली डोकावून हाक मारली, "अहो, गाडी किती उंच आहे?"

"का? कुठला पूल आडवा येतोय?" मामा खालून म्हणाले.

"पूल नाही, गुडघे! दाराची पायरी मोजा!"

मामांनी इस्त्रीवाल्याकडून टेप आणून मोजलं. अठरा इंच भरलं.

"मग मला नाही जमायचं," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "माझे गुडघे नऊच्या वर जात नाहीत. राहू दे, मी येतच नाही."

"थांबा हो बाई," मामी म्हणाल्या. "अठराचे निम्मे नऊ. मध्ये एक पायरी घालते. तुम्ही बिनधास्त या."

पलीकडे 'नऊ दुणे अठरा' असं पुटपुटणं ऐकू आलं. मग आवाज आला, "गणित बरोबर आहे."

दुसऱ्याच दिवशी मामा सुताराकडे गेले. एका शाळेने जुने बाक मोडीत काढले होते, त्यांचं लाकूड सुताराच्या दारात पडलं होतं. त्यातूनच त्याने मला घडवलं. माझ्या पोटाखाली अजूनही कुणा विद्यार्थ्याने कर्कटकाने कोरलेला एक मासा आहे. म्हणजे मूळची मी शिकलेली! चौथ्या दिवशी शिक्षिकाबाई आल्या. त्यांनी काठीने मला दोनदा ठोकून पाहिलं, वर चढल्या, सीटवर टेकल्या आणि म्हणाल्या, "पास."

मित्रांनो, पहिल्याच दिवशी असा निकाल लागला, म्हणून मी आजही ताठ उभी आहे.

त्यानंतर मी व्हॅनची झाले ती झालेच. धावत्या गाडीत माझी जागा सरकत्या दाराजवळ, पुढच्या सीटखाली. गाडी थांबली की मामा धावत येत, दार सरकवत, मला खाली ठेवत आणि हात पुढे करत. ही चारही कामं इतक्या झटक्यात होत की पाहुण्यांना वाटे, पायरी गाडीतूनच बाहेर आली.

चेहरे मला फारसे दिसत नसत. माझी सगळी ओळख पायांशी. येताना पाय बुटांत घट्ट बसलेले, घाईतले, थकलेले असत. जाताना तेच पाय चपलांत मोकळे झालेले असत आणि माझ्या अंगावर वाळू सांडून जात. लहान मुलं तर माझ्यावरून सरळ चढतच नसत. दोन्ही पायांनी उडी मारून चढत आणि उडी मारूनच उतरत. एका मुलीने माझ्यावरून इतक्या उड्या मारल्या की तिचे बाबा कंटाळून म्हणाले, "अगं, समुद्र तिकडे आहे!" ती म्हणाली, "समुद्र कुठे पळून जातोय?"

पाहुणे घरी गेल्यावर मामींना निरोप पाठवत. कुणी लिहीत, गाडी वेळेवर आली. कुणी लिहीत, ड्रायव्हर सभ्य आहेत. पण बरेच जण शेवटी लिहीत, 'ती छोटी पायरी फार आवडली.' मामी ते मोठ्याने वाचून दाखवत. मामा म्हणत, "मी तीस किलोच्या बॅगा उचलतो आणि कौतुक हिचं!" पण रविवारी ओल्या फडक्याने मला पुसताना तेच गुणगुणत असत.

माणसं भांडताना एकमेकांना म्हणतात, "आपली पायरी ओळखून वाग." मला याचा अर्थ कधी कळला नाही. मी तर सगळ्यांना सारखीच होते. पण असंच एक मोठं भांडण माझ्या अंगावर येऊन मिटलं, ती गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी.

किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात एका गृहस्थांचा साठावा वाढदिवस होता. त्यांच्या मुलाने सगळी तयारी केली होती. त्याने मामींना निरोप पाठवला. 'प्रवासी : एक आत्या. सामान : एक मोठी बॅग, एक हातातली. विमान दहा चाळीसला. खासगी गाडी हवी, दुसरं कोणीही बरोबर नको. बोर्डावर नाव लिहू नका, नुसतं "आत्या" लिहा. तिला बरं वाटेल.'

तासाभराने त्याचा दुसरा निरोप आला. शब्दन् शब्द तोच. फक्त दहा चाळीसच्या जागी अकरा.

मामींना वाटलं, पोराने विमानाची वेळ दुरुस्त करून पाठवली. त्यांनी वहीतली पहिली ओळ खोडली, दुसरी ठेवली आणि 'गाडी पक्की' असं कळवून टाकलं. त्यालाही वाटलं, दोन्ही गाड्या पक्क्या झाल्या. चूक म्हणाल तर एवढीच. पण एवढ्यानेच पुढचं सगळं घडलं.

ठरल्या दिवशी मामा साडेदहालाच विमानतळावर पोचले. प्लायवुडच्या पांढऱ्या बोर्डावर त्यांनी ठळक अक्षरांत 'आत्या' असं लिहिलं आणि ते आत गेले. मी गाडीतच होते. थोड्या वेळाने दार सरकलं, मला खाली ठेवलं गेलं आणि माझ्यासमोर तपकिरी चामड्याचे, नाड्या घट्ट बांधलेले बूट आले. उजव्या बुटाच्या टोकाने मला आधी अलगद चाचपलं, मग माझ्यावर भार पडला.

"लवकर उतरलं तुमचं विमान," मामा म्हणाले.

"लवकर कसलं? अगदी वेळेवर," आत्याबाई म्हणाल्या. आवाज करारी होता, पण खुशीत होता. "आणि हो, तो बोर्ड मला द्याल का नंतर? भाच्याने हौसेने लिहायला लावलंय."

मामा बॅगा ठेवू लागले. इतक्यात पार्किंगच्या टोकाकडून चाकांच्या बॅगेचा खडखडाट आणि धापा टाकणारा आवाज ऐकू आला.

"अहो! अहो बोर्डवाले! थांबा! ती आत्या मी आहे!"

मामांनी वळून पाहिलं. निळ्या कापडी बुटांतल्या दुसऱ्या एक बाई पळत पळत येत होत्या. "दारातून तुम्हाला पाठमोरं पाहिलं. काखेत बोर्ड मारून चाललात की! मी ओरडतेय, ओरडतेय..." असं म्हणता म्हणता त्यांनी गाडीत पाहिलं आणि त्या जागच्या जागी थबकल्या.

आतल्या आत्याबाईंनी झटकन तोंड फिरवलं.

मामांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग बोर्डाकडे पाहिलं. बोर्डावर एकच आत्या होती.

"मी वेगळी गाडी सांगायला लावली होती," आतल्या बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"मीसुद्धा," बाहेरच्या बाई आभाळाकडे बघत म्हणाल्या.

मामांनी मामींना फोन लावला. वही उघडल्याचा आवाज आला, मग मामींचा एक मोठा सुस्कारा. "अहो, आत्या दोन होत्या हो! माझीच चूक. सख्ख्या बहिणी आहेत म्हणे, आणि बारा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. आत्ताच दोन्ही गाड्या पोचल्या का हे विचारायला त्या पोराचा फोन आला होता, तो रडायचाच बाकी आहे. दुसरी गाडी बघते मी."

पण सुट्टीचे दिवस होते. मामींनी पाच ठिकाणी विचारलं. दोन तासांच्या आत गाडी नव्हती. हॉटेल सव्वा तासावर, आणि जेवणाला सगळे दीडला जमणार होते. शिवाय हॉटेलच्या मॅनेजरांनी मागेच बजावून ठेवलं होतं की पाहुण्याची एक जरी तक्रार आली तर हे काम दुसऱ्या गाडीवाल्याकडे जाईल. मामांच्या कपाळावर घाम आला.

"यांना आधी न्या," आतल्या बाई म्हणाल्या. "मी थांबते."

"काही गरज नाही. त्या आधी बसल्यात, त्यांनाच न्या. मी थांबते."

"मी उतरते."

"मी चढतच नाही."

तेवढ्यात पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. "ओ मामा, गाडी हलवा! मागे रांग लागलीय!"

शिट्टीपुढे कोणाचं चालतं? निळे बूट माझ्यासमोर आले. उजव्या बुटाच्या टोकाने मला आधी अलगद चाचपलं, मग माझ्यावर भार पडला. मित्रांनो, मी दचकलेच! इतक्या वर्षांत हजारो पाय पाहिले, पण चढण्याआधी असं चाचपून बघणारे पाय मी दोनच पाहिले आणि ते एकाच सकाळी. एका घरात, एका आईने, एकाच शब्दांत शिकवल्याशिवाय अशी सवय लागत नाही.

तपकिरी बुटांतल्या थोरल्या बाई पुढच्या ओळीत बसल्या होत्या. निळ्या बुटांतल्या धाकट्या बाई तडक मागच्या ओळीत गेल्या. मधली ओळ रिकामी. गाडी निघाली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग मागून आवाज आला, "ड्रायव्हरदादा, पुढच्या बाईंना सांगा, एसीची हवा सगळी त्यांनीच घेतलीय."

मामा म्हणाले, "बाई, त्या म्हणतायत की..."

"ऐकू येतंय मला. त्यांना सांगा, अंगावर शाल घेऊन एसी मागू नये."

"बाई, त्या म्हणतायत..."

"सांगा त्यांना, शाल गळ्यासाठी आहे."

असा कारभार चालला होता. मामा बिचारे आरशात बघून दोन्हीकडचे निरोप पोचवत होते. तिघं एकाच गाडीत, पण टपाल मात्र मामांच्या मार्फत!

अर्ध्या वाटेवर रस्ता वाळूच्या टेकड्यांमधून जातो. तिथेच गाडी एका बाजूला ओढली गेली, थड्थड् आवाज झाला आणि मामांनी ती हळूच कडेला घेतली. मागचं चाक बसलं होतं.

"उतरावं लागेल," मामा अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "आज माझा दिवसच फिरलाय."

मला खाली ठेवलं. आधी तपकिरी बूट उतरले, मग निळे. जवळपास झाड नव्हतं. एका जाहिरातीच्या फलकाची हातभर सावली तेवढी वाळूवर पडली होती. मामांनी मला त्या सावलीत नेऊन ठेवलं. "एकीला तरी बसता येईल," ते म्हणाले आणि चाकाकडे गेले.

एकीला तरी! मामा सहज बोलून गेले आणि इकडे पेच पडला. दोघी उभ्या. मी मध्ये रिकामी. ऊन वाढत होतं. थोरल्या बाईंचा एक हात गुडघ्यावर गेला, तो त्यांनी लगेच काढून घेतला. धाकट्या बाईंनी तो बरोबर पाहिला.

"ड्रायव्हरदादा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "त्यांना सांगा बसायला. त्यांचे गुडघे दुखतात."

मामा गाडीखाली होते. उत्तर कोण देणार?

"माझ्या गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही," थोरल्या बाई वाळूकडे बघत म्हणाल्या. "ज्यांना उन्हात चक्कर येते, त्यांनी बसावं."

"चक्कर मला शाळेत असताना यायची."

"आत्ता पळत आलीस तेव्हा तोंड कसं लाल झालं होतं!"

"आणि तू उतरताना दाराला कशी धरून उतरलीस!"

"बस म्हणते ना!"

"तू बस!"

मित्रांनो, निरोप्या नाही म्हटल्यावर बारा वर्षांचं मौन असं सुटलं. मी बसण्यासाठी जागा देऊन उभी, आणि दोघी माझ्यावर न बसण्यासाठी हमरीतुमरीवर आलेल्या!

तेवढ्यात मामा हात झटकत आले. जॅक वाळूत रुतत होता, त्याच्याखाली घालायला काहीतरी रुंद आणि कडक हवं होतं. त्यांची नजर माझ्यावर पडली. "हिला उलटी करून घालतो. मोडली तर मोडली, दुसरा इलाज नाही."

मी मनातल्या मनात डोळे मिटले. पण दोघी एकदम ओरडल्या, "अजिबात नाही!"

"हिने बसायचं कुठे?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"हिने बसायचं कुठे?" धाकट्या बाईंनीही तेच विचारलं.

मामा दोन पावलं मागे सरले. मग गाडीतला प्लायवुडचा बोर्ड त्यांनी काढला, तो वाळूवर आडवा टाकला आणि 'आत्या' या अक्षरांवर जॅक ठेवला. गाडी वर उचलली गेली.

धाकट्या बाई अखेर माझ्यावर बसल्या. मग एका कडेला सरकल्या आणि उरलेल्या जागेवर त्यांनी हात थोपटला. "अर्धी तुला."

थोरल्या बाईंनी आधी बुटाच्या टोकाने मला चाचपलं. मग बसल्या. दोघीही अंगाने चांगल्या भरलेल्या. खोटं कशाला सांगू, माझा जीव मेटाकुटीला आला होता. पण मी दम धरला.

मामा पान्याने चाकाचे नट सोडवू लागले. मग थोरल्या बाई म्हणाल्या, "आई आजारी असताना तू मला कळवलं नाहीस. मी आले तेव्हा सगळं संपलं होतं. मला तिचा आवाजसुद्धा ऐकायला मिळाला नाही."

"तिनेच नको म्हटलं होतं," धाकट्या बाई म्हणाल्या. "माझा हात धरून म्हणाली, थोरलीच्या मुलाची परीक्षा चालू आहे. पेपर संपू दे, मग बोलव. आठवड्याचा तर प्रश्न आहे. मलाही वाटलं, आठवडाच तर आहे. तिच्याजवळ तेवढे दिवस नव्हते गं."

थोरल्या बाईंचा बूट वाळूत रेघ ओढत होता. तो थांबला.

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू दारातच म्हणालीस, माझ्याशी एक शब्द बोलू नकोस. तू मोठी. मी नाही बोलले."

"लहानपणापासून माझं एक ऐकलं नाहीस! अभ्यास कर म्हटलं, केला नाहीस. केस कापू नको म्हटलं, कापलेस. आणि नेमकं तेच तेवढं ऐकलंस?"

"हो ना, ताई," धाकट्या बाई म्हणाल्या. "चुकलंच माझं. नेहमीसारखं तेव्हाही ऐकायला नको होतं."

त्या दोघी हसल्या की रडल्या, ते मला खालून नीट कळलं नाही. अंग मात्र दोघींचं एकाच वेळी हललं. आणि ते मला सोसलं नाही. माझ्या फळीतून 'कट्' असा आवाज आला!

दोघी एकमेकींचे हात धरून टुणकन उभ्या राहिल्या.

"तुझ्या वजनाने!"

"माझ्या? तूच आत्ता टेकलीस जोरात!"

"चिमे, खोटं बोलू नकोस!" थोरल्या बाईंनी धाकटीला लहानपणच्या नावाने दटावलं.

आणि मग त्या हसल्या, अगदी नक्की हसल्या. इतक्या की मामा गाडीमागून पाना हातात घेऊन बघायला आले. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघी मिळून त्यांना माझी चीर दाखवत होत्या. मामांनी आधी मला उचललं, बोटाने चीर चाचपली आणि म्हणाले, "जगेल."

उरलेल्या प्रवासात दोघी मधल्या ओळीत बसल्या. एसीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मामांची, कारण दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि त्यांचं हॉटेलच्या वळणाकडे लक्ष राहीना. ते वळण चुकलंच. जेवणाला सगळे जमले होते तिथे दोघी हात धरून पोचल्या. भाचा दारातच उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, मग हळूच मामांना विचारलं, "काय केलंत तुम्ही?"

"पंक्चर," मामा म्हणाले.

तक्रार तर आली नाहीच. पण पाच दिवसांनी मामींच्या वहीची पुन्हा परीक्षा झाली. थोरल्या बाईंचं परतीचं विमान सकाळचं होतं आणि धाकट्या बाईंचं संध्याकाळचं. आदल्या दिवशी धाकट्या बाईंचा फोन आला. "मी उद्या ताईबरोबर सकाळीच निघते. संध्याकाळपर्यंत विमानतळावर बसेन. खुर्च्या असतात ना तिथे?"

मामींनी लिहून घेतलं. दहा मिनिटांनी थोरल्या बाईंचा फोन. "मी माझं विमान संध्याकाळचं करून घेतलंय. धाकटीच्याच गाडीत मला घ्या. तिला आत्ता सांगू नका, गंमत आहे."

मामींनी कपाळाला हात लावला. या वेळी मात्र त्यांनी एकही ओळ खोडली नाही. त्यांनी हॉटेलात फोन केला आणि दोघींना एकत्र फोनजवळ बोलावून घेतलं. "बायांनो," त्या म्हणाल्या, "आधी एकमेकींशी बोला. मग मला सांगा." संध्याकाळी एकच गाडी गेली. उतरताना त्या दोघींनी मला उलटी केली आणि कोरलेल्या माशाशेजारी पेनने सह्या केल्या. दोन्ही सह्यांत नाव नाही. दोघींनी नुसतं 'आत्या' असंच लिहिलं आहे.

घरी गेल्यावर सुताराने माझ्या चिरेवर लोखंडी पट्टी ठोकली. त्यानंतरही मी चार वर्षं काम केलं.

मग मामांनी नवी व्हॅन घेतली. तिची पायरी बटण दाबलं की आपोआप बाहेर येते आणि आपोआप आत जाते. पहिल्या दिवशी मामांनी ती वीस वेळा बाहेर काढली आणि आत घातली. मी हे गॅरेजच्या कोपऱ्यातून बघत होते. मला वाईट वाटलं का? वाटलं, मित्रांनो. माझ्यावर रंगाचे डबे चढले. कुणीतरी पिवळा रंग ढवळला आणि मला पुसलं नाही. एक मांजर मात्र रोज दुपारी माझ्याखाली झोपायला यायचं. त्याच्या घोरण्याची मला सवय झाली. दोन वर्षं अशी गेली.

मग एका सकाळी मामी गॅरेजात आल्या. त्यांनी डबे खाली ठेवले, मला फडक्याने खसाखसा पुसलं आणि काखेत मारून बाहेर नेलं. बाहेर मामा नव्या गाडीत चढायच्या बेतात होते. प्रवाशांच्या दाराला बटणाची पायरी होती, पण ड्रायव्हरच्या दाराला नव्हती. मामांचे केस आता पिकले होते. ते एक पाय वर टाकत, थांबत, दाराची कड धरत, आणि कोणी बघत नाही ना हे पाहून मग स्वतःला वर ओढत. कोणी बघत नाही, असं त्यांना वाटायचं. वरच्या खिडकीतून मामी रोज बघत होत्या.

मामींनी मला ड्रायव्हरच्या दाराखाली ठेवलं. टक्!

"हे काय?" मामा म्हणाले. "मी काय म्हातारा झालो?"

"तुम्ही कशाला व्हाल? गाडी उंच झालीय," मामी म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "चढा."

मामांनी त्या हाताकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनीच सगळ्यांना हात दिला होता, धरायची सवय नव्हती. मग त्यांनी तो धरला आणि चढले. जुन्या, रुंद टाचांच्या त्या चपला मी रोज शेजारून जाताना पाहिल्या होत्या, पण त्यांचा भार मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. फार नव्हता. कुठल्याच माणसाचा नसतो, फक्त त्याने तो आपल्यावर ठेवायला हवा.

तेव्हापासून माझी नोकरी पुन्हा सुरू झाली. आता दिवसातून दोनदाच काम असतं. सकाळी मामा जाताना आणि दुपारी परत येताना. मधल्या वेळात मी दाराशी बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघते.

मित्रांनो, तुम्हीही कधी गाडीने समुद्राकडे जाल. पोचलात की तुम्हाला पळायची घाई होईल, ते मला माहीत आहे. पळा, जरूर पळा. पण उतरल्यावर एकदा मागे वळून बघा. मागे कोणी दाराची कड धरून थांबलं असेल, कोणाचा पाय हवेत अडखळला असेल. त्यांना 'लवकर चला' म्हणू नका, आणि 'तुमचे गुडघे' असंही म्हणू नका. गाडी उंच आहे असं म्हणा आणि हात पुढे करा. आणि तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं लाकूड कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा पुसून बघा. कोणाच्या तरी पायाला ते नेमकं पुरत असेल.

बरं, आता बोलणं आवरतं घेते. कोपऱ्यावर मामांच्या गाडीचा हॉर्न वाजला आहे. मामी जिन्यावरून खाली येत आहेत, एका हातात फडकं आहे. दुपारचं विमान वेळेवर उतरलेलं दिसतं. चला, मला गाडीच्या दारापाशी नेतील आता.